सही माझी, मग कारभार कुणाचा?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईने केलेले भाषण. ज्या गटांना सभेला येता आले नाही, त्यांनी ते आपल्या गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे, म्हणून पूर्ण छापत आहोत.)



मला सांगितलं होतं की ताई, 'महिला आणि नेतृत्व' यावर दहा मिनिटं बोला. मी म्हटलं, दहा मिनिटांत माझ्या एका सहीची गोष्ट पण पुरी व्हायची नाही. तेव्हा थोडं जास्त ऐकून घ्या. चहा आला की थांबवा मला.

आधी एक विचारते. इथं बसलेल्यांपैकी किती जणी ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत, किंवा होत्या? करा हात वर. बऱ्याच आहेत की. आता यातल्या ज्यांच्या गावात लोक तुमच्या मालकाला 'मेंबर साहेब' किंवा 'सरपंच साहेब' म्हणतात, त्यांनी हात खाली करा.

बघा. हसू नका बायांनो, माझा पण हात खालीच होता.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या शिवेवरचं. २०१५ ला आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं. भावकीची बैठक झाली आमच्या ओट्यावर. चहा मी केला. कुणाला उभं करायचं ते बाहेर ठरलं, आणि मला आत येऊन सांगितलं, "उद्या फॉर्म भरायला जायचंय, आधार कार्ड काढून ठेव." मी विचारलं, "कुणाचा फॉर्म?" तर म्हणाले, "तुझाच की." सरपंच होणार ही बातमी मला अशी कळली.

निवडून आले. गुलाल मालकांच्या अंगावर पडला. हार त्यांच्या गळ्यात. माझ्या हाताला धरून एका मावशीने कुंकू लावलं तेवढं. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना सरपंच साहेब म्हणू लागलं आणि मी होते तशीच, चुलीपाशी.

ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक आमच्या घरी यायचं. शिपाई आणायचा. मी भाकरी थापत असले तर पदराला हात पुसून सही करायची. कधी चेकबुक यायचं, त्यावर पण सही. काय लिहिलंय ते वाचायला चष्मा आत कोनाड्यात, आणि तव्यावर भाकरी. शिपाई म्हणायचा, "साहेबांनी बघितलंय, तुम्ही फक्त इथं करा." मी करायची. किती पानांवर केली असेल, मला आज सांगता येणार नाही.

आता त्या एका सहीचं सांगते.

आमच्या गावातल्या मातंग वस्तीत नळ नव्हता. वस्तीतल्या बाया अर्धा-पाऊण कोस लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. वस्तीपर्यंत पाइपलाइन न्यायची, असा ठराव माझ्या आधीच्या पंचायतीत झाला होता. माझ्या काळात पैसे आले. आणि एका मासिक सभेत ते काम फिरलं. पाइपलाइन आली आमच्या भावकीच्या गल्लीत, जिथं आधीच दोन नळ होते. कागदावर लिहिलं होतं, 'तांत्रिक अडचणीमुळे बदल'. त्याखाली माझी सही. मला ठाऊक नव्हतं. पण सही माझीच.

त्यानंतर आला २०१६ चा उन्हाळा. तुम्हाला कुणाला विसरला का तो? मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. देशभरचे टीव्हीवाले लातूरला आले, त्या गाडीचे फोटो काढले. आमच्या वस्तीतल्या बाया रात्री दोनला उठून विहिरीवर नंबर लावत होत्या, त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

एक दिवस वस्तीतली एक मावशी आमच्या दारात आली. आत नाही आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली, जशी तिच्या सासूपासून सवय लावलेली. म्हणाली, "सरपंचबाई, मी ग्रामसेवकाकडं कागद बघून आले माझ्या पोराला घेऊन. सही तुमचीच हाय. गड्यानं केलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. तुमी बाई असून असं कसं केलात?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मला काही विचारतच नाहीत." ती म्हणाली, "मग आमी कुणाला विचारायचं?" आणि निघून गेली.

बायांनो, त्या दिवसापर्यंत मी स्वतःला बिचारी समजत होते. नवऱ्याने पुढं केलेली, भावकीने वापरलेली. ते खोटं नव्हतं. पण माझ्या बिचारेपणाची किंमत कोण भरत होतं? मी नाही. माझ्या घरी नळ होता. किंमत भरत होती ती मावशी, डोक्यावर हंडा घेऊन. माझ्यावर अन्याय होत होता आणि त्याच वेळी माझ्या सहीने दुसरीवर होत होता. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून होऊ शकतात. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याच्याच भोवतीचं.

हे फक्त आमच्या गावचं नाही. आपल्याला राखीव जागा काही काल मिळाल्या नाहीत. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत बायांना ३० टक्के जागा ठेवल्या. मग त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली, आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. म्हणजे आज गावच्या कारभारात निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. पण मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात काय झालं? सहा बाया पंच म्हणून निवडून आल्या आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी! हार घालून, गुलाल लावून. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला तेव्हा तिथल्या सचिवाला निलंबित केलं. आपण तो व्हिडिओ बघून हसलो. पण आपल्याकडं शपथ तेवढी बाई घेते आणि पुढची पाच वर्षं नवरा बसतो. फरक केवढा राहिला?

'सरपंच पती' हा प्रकार एवढा बोकाळला की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मग केंद्र सरकारने समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या समितीचा अहवाल आला, त्यात बायकोच्या जागी कारभार करणाऱ्यांना जरब बसेल अशी शिक्षा करा असं म्हटलंय. शिक्षा होईल तेव्हा होईल. पण मी म्हणते, सही करणारा हात आपला असताना आपण दिल्लीच्या कायद्याची वाट किती बघायची?

आता गाव सोडून थोडं वर बघू. कारण खाली जे चालतं ते वरून पाझरत येतं.

आपल्या या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. एवढा मान राज्यात फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आला असेल. कुणाच्या कामाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, मी आज त्यात जात नाही. पण त्या चारांत एक तरी बाई आहे का? नाही. अन् आपलंच कशाला, १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हापासून आजपर्यंत एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. सावित्रीबाईंचा महाराष्ट्र म्हणतो आपण.

लोकसभेचं बघा. नांदेडमधून आजवर एकच बाई निवडून गेली, सूर्यकांता पाटील, १९९१ ला. लातूरमधून पण एकच, रूपाताई पाटील निलंगेकर, २००४ ला. त्यांनी तर लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील यांना हरवलं होतं. म्हणजे बाई उभी राहिली तर लोक मत देत नाहीत, हे म्हणणं खरं नाही. मत मिळतं. मिळत नाही ते तिकीट. आणि मिळालंच तर बऱ्याचदा कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची बायको असली की मिळतं. मी त्या बायांना नावं ठेवत नाही. घरच्या ओळखीने आत गेलेली बाई पण पुढं चांगलं काम करू शकते. पण जिचा बाप ऊस तोडायला जातो, तिच्यासाठी ते दार कुठून उघडतं, हे मला कुणीतरी दाखवावं.

२०२४ ला विधानसभेत २८८ आमदार निवडून गेले, त्यात बाया पंचवीससुद्धा नाहीत. दहात एक पण पडत नाही. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा द्यायचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला खरा, पण जनगणना व्हायची, मग मतदारसंघ नव्याने पाडायचे, मग तो लागू व्हायचा. गावात निम्म्या जागा लगेच दिल्या. आमदार-खासदारांच्या स्वतःच्या खुर्चीचा विषय आला की मात्र थांबा जरा, आधी मोजणी करू.

आणि या वरच्या लोकांची तोंडं तर तुम्ही टीव्हीवर ऐकताच. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याचे पाणीपुरवठा मंत्री गुलाबराव पाटील आपल्या मतदारसंघातले रस्ते कसे गुळगुळीत आहेत ते सांगायला हेमा मालिनींच्या गालांची उपमा देऊन बसले. मे २०२२ मध्ये भाजपचे त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी एका महिला खासदाराला राजकारण जमत नसेल तर घरी जाऊन स्वयंपाक करा असं सुनावलं. २०२४ च्या निवडणुकीत उद्धव ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी समोरच्या महिला उमेदवाराला 'माल' म्हटलं. तीन वेगवेगळे माणसं, वेगवेगळे पक्ष. ओरड झाल्यावर तिघांनीही माफी नाहीतर दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे आपण बोललो की फरक पडतो, हे पण लक्षात ठेवा. पण आधी जीभ का घसरते? कारण समोर बसलेले हसतात. टाळ्या वाजवतात. अन् त्या सभेत पुढच्या चार रांगा आपल्याच असतात बायांनो, गाडीत भरून नेलेल्या, एकसारख्या साड्या नेसलेल्या.

स्वयंपाक कर म्हणणं हा अपमान कसा झाला, असं एका सीआरपी ताईने मला विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. स्वयंपाक काही हलकं काम नाही. आपण रोज करतो, शेतातलं करून करतो. अपमान यात आहे की तुझी जागा कुठं ते मी ठरवणार, आणि तू त्या जागेबाहेर आलीस की तुला आत ढकलायला मला एक वाक्य पुरेल. माझा फॉर्म ओट्यावर ठरला होता, ते आणि हे एकच आहे. तिथं शिवी नव्हती. गोड बोलूनच झालं होतं सगळं.

आता लाडक्या बहिणीचं. मला माहीत आहे, हा विषय नाजूक आहे. आपल्यापैकी बहुतेकींना २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये मिळाले. मला त्या पैशाबद्दल काही वाईट बोलायचं नाही. कुणाच्या औषधाला झाले, कुणाच्या गटाच्या हप्त्याला, कुणाच्या लेकीच्या बसच्या पासला. बाईच्या हातात पैसा आला की घरातला आवाज बदलतो, हे आपण गटात वीस वर्षं बघतोय. पण त्याच वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत खासदार धनंजय महाडिक कोल्हापुरात म्हणाले की आमचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेत दिसणाऱ्या बायांचे फोटो काढून ठेवा. नंतर माफी मागितली. पण तो 'आमचे' शब्द बघा. कुणाचे पैसे? आपण साबण घेतो, चहापत्ती घेतो, चप्पल घेतो, प्रत्येकात कर जातो. ती तिजोरी कुणाच्या बापजाद्याची नाही. कोणताही पक्ष असो, ओवाळणी म्हणून हातावर ठेवणारा आणि मग मनगट धरणारा, तो भाऊ कसला? योजना घ्या, हक्काने घ्या. मत मात्र आपलं आपण ठरवा.

आतापर्यंत तुम्ही माना डोलवत होतात. कारण मी पुरुषांना बोलत होते. आता जरा आपल्याकडं येते.

आपल्या गटांच्या अध्यक्ष कोण आहेत, मनातल्या मनात आठवा. बऱ्याच गावांत पाटलाची सून, पोलीस पाटलाची बायको, दुकानदाराची बायको. ग्रामसंघाच्या अध्यक्ष बहुतेक त्याच गल्लीतल्या. कर्ज मंजूर करताना कुणाचं नाव आधी येतं? नवऱ्याने सोडलेल्या बाईला 'ती फेडील का' म्हणून मागं ठेवतो का नाही आपण? विधवा बाई हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाला कुठं बसते? वस्तीतल्या गटाची बैठक आपण त्यांच्या घरी घेतली का कधी, तिथला चहा पिलो का? आपल्यातल्या काही जणींना जन्मानेच एक पायरी वरची मिळालेली असते. पायरीवर उभ्या असणाऱ्याला पायरी दिसत नाही, खाली उभी असते तिलाच ती दिसते. मला माझी पायरी त्या मावशीने दाखवली, माझ्या ओट्याखाली उभं राहून.

म्हणून मी म्हणते, बाई खुर्चीवर बसली म्हणजे सगळं झालं असं नाही. ती तिथं बसून कुणासाठी सही करते ते बघायचं.

आता हे जमतं का? जमतं. आपल्या बायांनी याआधी करून दाखवलंय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या वयस्कर बायांना कुणी सांगायची गरज नाही. किल्लारी, सास्तूर, गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. त्यानंतर घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम आला, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगावच्या महिला मंडळातल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. ज्यांनी कधी घराबाहेर पुरुषांपुढं तोंड उघडलं नव्हतं, त्या बाया लोकांना सांगू लागल्या की तुझा हप्ता किती, भिंतीत सळई कुठं टाकायची, ठेकेदाराने सिमेंट किती घातलं. इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. पुढं त्याच बायांमधून बचत गट उभे राहिले. आपण ज्या सतरंजीवर बसलोय ना, ती त्यांनी अंथरलेली आहे.

त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. तिथं बायांनी ठरवलं की पंचायतीच्या निवडणुका लढवायच्या. तेव्हा आजच्यासारख्या राखीव जागा नव्हत्या. तरी पुढच्या काही वर्षांत जळगावातलं विटनेर, यवतमाळातलं मेटीखेडा अशा गावांत सगळ्या बायांचं पॅनल निवडून आलं. आणि निजामाच्या काळात बदनापूरकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात बंदूक घेऊन रझाकारांशी लढल्या. त्यांना काय कुणी आरक्षण सुटलंय म्हणून सांगायला आलं होतं?

त्रास होतो, हे पण खरं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात राहते, असं कारण दाखवून पदावरून काढलं. जिल्हाधिकाऱ्यांकडं हरली, आयुक्तांकडं हरली, उच्च न्यायालयात पण काही झालं नाही. ती थांबली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं पद परत दिलं आणि स्पष्ट सांगितलं की बाई सरपंच झाली हेच गावातल्या काही लोकांना पचलेलं नाही, आणि निवडून आलेल्या बाईला काढणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. हा निकाल सगळ्या महिला सदस्यांनी लक्षात ठेवा. कुणी दम दिला की सांगा.

आता माझ्या सहीचं पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे बसते.

मावशी गेली त्या रात्री मला झोप नाही आली. सकाळी सासूबाईंना सांगितलं, "आत्या, आज मी पंचायतीत जाणारंय." मला वाटलं बोलतील. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा. मला कुणी कधी काही विचारलंच नाही. तुला विचारायलेत तर जा." बस, तेवढंच.

कार्यालयात गेले तर ग्रामसेवक उठून उभे राहिले आणि माझ्या मागं बघायला लागले. "साहेब नाही आले?" मी म्हटलं, "सरपंच आलेत. प्रोसिडिंग काढा." खुर्चीवर बसले. तुम्हाला खरं सांगते, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, एवढी उंच खुर्ची. चष्मा घेऊन गेले होते. दोन दिवस लागले सगळं वाचायला. जे कळलं नाही ते विचारलं. एकाने हसून म्हटलं, "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते." मी म्हटलं, "कळेपर्यंत सांगा, मला वेळ आहे."

घरी काय झालं ते सगळं सांगत नाही. मालक महिनाभर धड बोलले नाहीत. भावकीने येणं-जाणं कमी केलं. अविश्वास आणू म्हणून पण बोलणं झालं. मग मी एकटीने न लढता तुमच्यासारख्या बायांकडं गेले. आमच्या ग्रामसंघाने ग्रामसभेच्या आधीची महिला सभा भरवली, वस्तीतल्या बायांना घरी जाऊन बोलावून आणलं. त्या सभेत पाइपलाइनचा विषय त्या मावशीनेच मांडला. नव्वद बायांच्या सह्या झाल्या. तो ठराव ग्रामसभेत वाचावा लागला. तरी एक वर्ष कागद फिरले.

नळ आला. २०१८ च्या पावसाळ्यात.

सगळे टाळ्या वाजवतील आता, पण थांबा. २०१६, २०१७, २०१८, तीन उन्हाळे त्या बायांनी पाणी वाहिलं. माझ्या न वाचलेल्या एका सहीने. ते मला परत करता येत नाही. मालक आता मला विचारून ठरवतात, गावात मला सरपंचबाई म्हणतात अजून, पद जाऊन पाच वर्षं झाली तरी. पण नळाला पाणी आलं की मला ते तीन उन्हाळे आठवतात.

म्हणून जाता जाता काही कामं सांगते, गटात चर्चा करा.

एक. जी कुणी सदस्य किंवा सरपंच आहे तिने घरी आलेल्या कागदावर सही करायची नाही. सही कार्यालयात बसून, वाचून. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या लेकीला सोबत न्यायचं. आता बँकेच्या कामाला सहीऐवजी डोंगल असतं. ते डोंगल आणि त्याचा पासवर्ड आपल्याजवळ ठेवायचा, दुसऱ्याच्या खिशात नाही.

दोन. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा कधी असते ते सगळ्यांना पाठ आहे. तिच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. नुसत्या रजिस्टरवर सह्या घेऊन ती झाली असं दाखवतात. तसं होऊ द्यायचं नाही. तिथले ठराव ग्रामसभेत वाचायला लावायचे.

तीन. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च झाला, हे दरवर्षी लेखी मागायचं.

चार. मत मागायला येईल त्याला विचारायचं की तुमच्या पक्षाने बायांना तिकिटं किती दिली. आणि सभेत बाईवर घाणेरडा विनोद झाला तर हसायचं नाही. जमलं तर उठून यायचं. चार रांगा एकदम रिकाम्या झाल्या तर बोलणाऱ्याला कळतं.

पाच. पुढच्या वेळी गटाची, ग्रामसंघाची पदं बदलताना एक पद तरी अशा बाईला द्यायचं, जिला आजवर कुणी विचारलं नाही. एकटी बाई, वस्तीतली बाई, अंगठा करणारी बाई. आणि तिला नुसतं नावाला बसवायचं नाही. तिचा चहा प्यायचा, तिचं ऐकायचं, ती चुकली तर शिकवायचं, जसं आपल्याला कुणीतरी शिकवलं.

ती मावशी आज इथं आली आहे. मागच्या रांगेत बसली आहे, तिला पुढं बोलावलं तर येत नाही म्हणते. तिने मला विचारलं होतं, "मग आमी कुणाला विचारायचं?" बायांनो, तुमच्या गावात कुणी असं विचारत आलं, तर तिला सांगा, मला विचार. आणि सांगण्याआधी कागद वाचून ठेवा.

चहा आलेला दिसतोय. जय जिजाऊ, जय सावित्री.